घसा मोकळा झाला, मग पोराला कॉटवरून का उतरू देत नाहीत?

पत्र असं आलंय, थोडं आवरून देतेय:

"नमस्कार डॉक्टर. माझा मुलगा ९ वर्षांचा आहे. ताप आला, घसा दुखायला लागला, गावात टॉन्सिलच्या गोळ्या दिल्या. पाचव्या दिवशी मान सुजली आणि श्वास घेताना आवाज यायला लागला म्हणून शहरात मोठ्या सरकारी दवाखान्यात आणलं. तिथं घटसर्प म्हणाले आणि त्याच दिवशी घोड्यापासून बनवलेलं इंजेक्शन दिलं. आज बारावा दिवस. चार दिवस झाले ताप नाही, घशातला पांढरा थर गेला, जेवतोय, खेळायला पळू बघतोय. पण डॉक्टर त्याला संडासलाही उठू देत नाहीत, सगळं कॉटवरच. सकाळ-संध्याकाळ ईसीजी काढतात. काल सिस्टर म्हणाल्या हार्टला थोडी सूज आहे. घशाचा आजार हार्टला कसा गेला? सासूबाई म्हणतात घटसर्प तर म्हशीला होतो. मिस्टर म्हणतात पोरगं टणटणीत आहे, म्हशी शेजाऱ्यांच्या जिवावर सोडून आलोय, सही करून घरी जाऊ. माझ्या चुलत सासऱ्यांना मागच्या वर्षी लघवीच्या इन्फेक्शनवरून आयसीयूत ठेवलं होतं, तेव्हाही हार्ट वीक झालंय म्हणाले होते, हे तेच का? आणि त्याचा ५ वर्षांचा डोस राहिला होता, त्या वर्षी आम्ही कारखान्यावर होतो. माझंच चुकलं का?"

ताई, आधी एकच सांगते, बाकीचं सगळं नंतर वाचलंत तरी चालेल. सही करू नका. डामा (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सही करून सुट्टी) घेऊन घरी जायचा विचार आज, उद्या, या आठवड्यात अजिबात नको, मिस्टरांना हे पत्र वाचून दाखवा, नाहीतर त्यांना ड्युटीवरच्या डॉक्टरांसमोर बसवा आणि ईसीजीच्या पट्ट्या दाखवायला सांगा. पोरगं टणटणीत दिसतंय हे मला पटतंय, घटसर्पात नेमकं असंच होतं, घसा बरा होतो, ताप जातो, भूक लागते, आणि त्याच दिवसांत हृदयाचं दुखणं वर येतं. साधारण पहिला आठवडा संपताना किंवा दुसऱ्या आठवड्यात, कधीकधी त्याहूनही उशिरा. म्हणजे तुमचा बारावा दिवस हा बरं झाल्याचा दिवस नाहीये, सांभाळायचा आहे.

सासूबाईंचं म्हणणं आधी मिटवते कारण त्या खोटं बोलत नाहीयेत. म्हशीला घटसर्प होतो, पावसाळ्याआधी गोठ्यात त्याचीच लस टोचतात, जनावराचा गळा सुजतो, घरघर लागते, काही तासांतही हातातून जातं, ज्यांनी पाहिलंय ते विसरत नाहीत. पण तो जंतू वेगळा आणि हा वेगळा. दोन्हीत गळा सुजतो म्हणून आपल्याकडे नाव एकच पडलं एवढंच. तुमच्या मुलाला झालाय तो डिप्थेरिया, माणसाकडून माणसाला जाणारा, खोकला-शिंकेतून, खूप जवळ राहिल्यामुळे. त्यामुळे म्हशीवर आळ नको आणि म्हशीला लस दिली म्हणजे घरातली पोरं सुरक्षित असंही नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. घशातला आजार हृदयात कसा गेला. ताई, हाच प्रश्न १८८४ साली जर्मनीत लोफ्लर नावाच्या डॉक्टरला पडला होता. त्याने घटसर्पाचा जंतू वेगळा वाढवून दाखवला, आणि त्याच्या लक्षात आलं की जंतू घशातच सापडतो, पण गेलेल्या मुलांचं हृदय, किडनी, आतले अवयव खराब झालेले असतात आणि तिथे जंतू काही दिसत नाही. मग तिथे गेलं कोण? त्याने अंदाज बांधला की जंतू एका जागी बसून काहीतरी विष सोडत असणार. पुढे १८८८ मध्ये पॅरिसला रू आणि येरसिन या दोघांनी जंतू वाढवलेलं पाणी इतकं बारीक गाळलं की एकही जंतू त्यात उरला नाही, आणि ते नुसतं गाळलेलं पाणी गिनीपिगला टोचलं, तरी ते मेले. म्हणजे मारणारा जंतू नव्हताच, त्याचं विष होतं. हे एवढं समजलं की बाकीचं सगळं सोपं होतं: तुमच्या मुलाच्या हृदयात जंतू शिरलेला नाहीये, घशातल्या त्या पांढऱ्या-राखाडी थराखाली जे विष तयार होत होतं ते रक्तात उतरलं आणि रक्त जिथे जातं तिथे गेलं.

(एक गंमतीची नाही पण आश्चर्याची गोष्ट, हे विष बनवायची कृती त्या जंतूची स्वतःची नसते, जंतूला लागण करणारा एक छोटा व्हायरस असतो तो ती घेऊन येतो. तो व्हायरस आत नसेल तर हाच जंतू हे विष बनवूच शकत नाही. मला शिकताना हे वाचून झोप लागली नव्हती.)

विष करतं काय ते नीट सांगते, कारण तुम्हाला ते कळलं की तुम्ही स्वतःच पोराला उठू देणार नाही. या विषाचे दोन भाग असतात. एक भाग पेशीच्या दारावर जाऊन चिकटतो, दुसरा भाग आत शिरतो. चिकटायला पेशीवर एक विशिष्ट कडी लागते, ती माणसाच्या बऱ्याच पेशींवर असते आणि हृदयाच्या स्नायूवर भरपूर असते. उंदराच्या पेशीवरची कडी जरा वेगळी, म्हणून उंदराला या विषाचं फारसं काही होत नाही, आणि माणूस मात्र सापडतो. आत शिरलेला भाग एकच काम करतो, पेशीत प्रोटीन बनवायचा जो कारखाना असतो त्यातला एक महत्त्वाचा गडी कायमचा बांधून टाकतो. एकाला बांधलं की दुसऱ्याकडे जातो, मग तिसऱ्याकडे, तो स्वतः काही संपत नाही. म्हणून एक कणसुद्धा एका पेशीला पुरेसा होतो. तुम्ही कारखान्यावर राहिलेल्या आहात, समजा मोळी आत टाकणारे सगळेच हात एकेक करून बांधले, तर गव्हाणीवर ऊस पडून आहे, मशीन धडधाकट आहे, तरी गाळप बंद. आणि गोदामात साखर असते तोवर बाहेरच्याला काही कळतही नाही. हृदयाच्या पेशीचं असंच, आधीची प्रोटीनं झिजेपर्यंत ती काम करत राहते, मग थकते, तिच्यात चरबीचे थेंब साठतात, काही पेशी मरतात, त्यांच्याभोवती सूज येते. सिस्टर म्हणाल्या ती सूज ही. आणि म्हणूनच घसा आधी बरा होतो आणि हृदय मागून दुखणं काढतं.

त्यात भर म्हणजे हृदयाला ठोके द्यायला जी वायरिंग असते, वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्याला निरोप नेणारी, तीसुद्धा याच विषाने बिघडते. मग निरोप उशिरा पोचतो, काही निरोप पोचतच नाहीत, फार बिघडलं तर वरचा आणि खालचा कप्पा आपापल्या तालाने चालायला लागतात. ईसीजी दिवसातून दोनदा काढतात ते हे पकडायला. पट्टीवर ते दोन रेघांमधलं अंतर मोजत असतात, काल किती होतं आज किती झालं. अंतर वाढायला लागलं तर वेळेत तात्पुरता पेसमेकर लावायची तयारी ठेवता येते. हे एक पट्टी बघून कळत नाही, कालच्या शेजारी आजची ठेवली तरच कळतं, म्हणून रोज.

माझ्या रेसिडेन्सीतलं एक सांगते, सांगावं की नाही असा दोन दिवस विचार केला. सात वर्षांची मुलगी होती, घटसर्पाचीच, अकरावा दिवस. घसा स्वच्छ, दोन वेण्या घातलेल्या, आदल्या संध्याकाळी आमच्याशी भेंड्या खेळली होती. दुपारी आई पाण्याची बाटली भरायला गेली, मुलीचा चेंडू कॉटखाली गेला, ती उतरली, वाकली, आणि उठलीच नाही. आम्ही पळत आलो, सगळं केलं, काही उपयोग झाला नाही. तिचा ईसीजी भरती झाल्या दिवशी काढला होता तो नॉर्मल होता, नंतर कुणी काढला नव्हता, मीही नाही. तिच्या सकाळच्या चार्टवर ताप नसताना पल्स १४० लिहिलेला होता, माझ्याच अक्षरात. तो आकडा मी लिहिला आणि पुढच्या कॉटवर गेले. ताई, तुमच्या मुलाचे डॉक्टर त्याला संडासला उठू देत नाहीत ना, त्यांना माझा नमस्कार सांगा.

तुम्हाला घाबरवायला हे लिहिलं नाही. घटसर्प झालेल्या १०० जणांपैकी साधारण १० ते २५ जणांना हृदयाचा असा त्रास दिसून येतो, ईसीजीवर बारीक बदल तर त्याहून पुष्कळ जणांना दिसतात आणि त्यातले बरेचसे काही न होता निघून जातात. जे या दोन-तीन आठवड्यांतून पार पडतात त्यातल्या बहुतेकांचं हृदय पूर्ववत होतं. म्हणजे "आयुष्यभराचं हार्ट पेशंट झालं" असं डोक्यात घेऊ नका. पण हे दिवस हृदयावर जादा ओझं नको, पळणं नको, जिने नको, रडारडही शक्यतो नको, मोबाईल द्या, गोष्टी सांगा, पत्ते खेळा, पण आडवा ठेवा.

तुम्ही दिवसभर शेजारी असता, डॉक्टर दहा मिनिटं असतात, म्हणून तुम्ही काय बघायचं तेही सांगते. पोरगं गाढ झोपलेलं असताना मनगट धरून मिनिटभर ठोके मोजा, सिस्टर एकदा शिकवतील. ताप नाही, रडत नाही, झोपेत आहे आणि तरी ठोके फार जोरात पळतायत किंवा उलट अगदीच सावकाश पडतायत, मधेच चुकतायत, तर लगेच सांगायचं, राउंडची वाट बघायची नाही. दुसरं म्हणजे उलटी. घरच्यांना वाटतं काहीतरी बाधलं, पण घटसर्पाच्या मुलाने दुसऱ्या आठवड्यात उलट्या सुरू केल्या, पोटात वर दुखतंय म्हणाला, चेहरा फिका पडला, काल खेळत होता आज गप्प पडून आहे, तर ते पोटाचं नसून हृदयाचं असू शकतं, जुने डॉक्टर यालाच सगळ्यात जास्त घाबरायचे. "मळमळतंय, जरा लिंबूपाणी देते" असं करू नका, आधी सिस्टरला हाक मारा.

आता घोड्याचं इंजेक्शन. १८९० मध्ये बेरिंग आणि किटासाटो यांनी दाखवलं की जनावराला थोडं थोडं विष टोचत गेलं की त्याच्या रक्तात विषाचा उतारा तयार होतो आणि तो उतारा दुसऱ्याला देता येतो, बेरिंगला १९०१ मध्ये त्यासाठी नोबेल मिळालं, वैद्यकशास्त्रातलं पहिलंच. घोडा मोठा, त्याचं रक्त भरपूर, म्हणून घोडा. आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सुरुवातसुद्धा १९६६ मध्ये घोड्यांपासून केलेल्या अशाच उताऱ्याने झाली, त्यांचा तो धनुर्वाताचा होता. तर हा उतारा रक्तात फिरणारं विष धरतो. जे विष आधीच पेशीच्या आत गेलंय ते याला बाहेर काढता येत नाही. तुमच्या मुलाला तो पाचव्या दिवशी मिळाला, पहिल्या-दुसऱ्या दिवशी मिळाला असता तर हृदयापर्यंत कमी विष पोचलं असतं, हे खरं आहे आणि मी ते तुमच्यापासून लपवणार नाही. पण मिळाला नसता तर जेवढं पोचलं त्याच्या कितीतरी पट पोचलं असतं, हेही तेवढंच खरं. अँटिबायोटिक चालू आहेत ते जंतू मारायला, म्हणजे नवीन विष बनायचं थांबतं आणि दुसऱ्यांना लागण होत नाही. ते बहुतेक १४ दिवस चालेल, मधे सोडू नका.

चुलत सासऱ्यांचं विचारलंत. ते थोडं सारखं, बरंच वेगळं. लघवीच्या इन्फेक्शनचे जे नेहमीचे जंतू असतात त्यांच्या बाहेरच्या आवरणातच विष असतं, जंतू फुटले की ते मोकळं होतं. ते थेट जाऊन पेशी मारत नाही, ते शरीराची धोक्याची घंटा इतकी जोरात वाजवतं की आपलंच शरीर पिसाळल्यासारखं करतं. सगळ्यात आधी मार बसतो तो रक्तवाहिन्यांना. त्यांच्या आतून एक नाजूक अस्तर असतं, ते सुजतं, त्याच्या फटी उघडतात, रक्तातलं पाणी बाहेर झिरपायला लागतं, शिवाय वाहिन्या सैल पडतात. पाइप सैल झाला आणि गळायलाही लागला की प्रेशर कुठून राहणार? म्हणून बीपी खाली जातं, हातपाय सुजतात, लघवी कमी होते, काहींच्या बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात. आणि या सगळ्या गोंधळात हृदयाचा स्नायूही काही दिवस ढिला पडतो, इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग कमी दिसतं. वाचलेल्यांत ते बऱ्याचदा आठवडा-दहा दिवसांत परत येतं. तुमचे सासरे आता शेतात जात असतील तर तेच झालं असणार.

आणि विषय निघालाच आहे तर अजून एक, कारण घसा आणि हृदय म्हटलं की लोक तिन्हीची खिचडी करतात. लहान मुलांना घसा दुखून दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात, एक सांधा बरा होतो की दुसरा धरतो, आणि पुढे हृदयाची झडप खराब होते, तो संधिवाताचा ताप. तो स्ट्रेप नावाच्या जंतूमुळे. तिथे विष येऊन झडप खात नाही, जंतूविरुद्ध शरीराने बनवलेली फौजच झडपेला शत्रू समजून तिच्यावर जाते. त्याला वर्षानुवर्षं पेनिसिलिनची इंजेक्शनं लागतात. तुमच्या मुलाला ते नाहीये, त्यामुळे शेजारची कुणी म्हणाली की आता दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन, तर मनावर घेऊ नका.

घरी गेल्यावरचं. हेच विष नसांनाही धरतं. टाळूची नस धरली तर आवाज नाकातून येतो, पाणी प्यायला दिलं की नाकातून परत येतं. हे दिसलं तर झोपवून पाणी पाजू नका, छातीत जाईल, बसवून घट्टसर द्या आणि दाखवायला न्या. महिन्याभराने पोरगं म्हणालं पुस्तक जवळ धरलं की अक्षरं पुसट दिसतात, तर अभ्यास टाळतोय म्हणून रागवू नका, डोळ्याच्या आतल्या स्नायूची नस ढिली पडते. दीड-दोन महिन्यांनी चालताना पाय लटपटू शकतात. या नसा बहुतेक वेळा पूर्ण सुधारतात, फक्त वेळ घेतात, काही आठवडे, काही महिने. म्हणून डिस्चार्ज झाला तरी फॉलोअपच्या तारखा चुकवू नका, ऊस उभा असला तरी.

"माझंच चुकलं का" हे तुम्ही शेवटी लिहिलंत, एका ओळीत. ताई, नाही. कारखान्यावरच्या कोप्यांत राहणाऱ्या पोरांचे डोस राहतात, गावातल्या आशाताईच्या यादीत नाव आहे पण पोरगं गावात नाही, आणि कारखान्यावर पोरगं आहे पण यादीत नाव नाही. ही व्यवस्थेची फट आहे आणि त्यात तुमचं पोरगं पडलं. टॉन्सिल समजून गोळ्या दिल्या त्या डॉक्टरवरही फार चिडू नका, त्याने कदाचित घटसर्प कधी पाहिलाच नसेल. पुढचं मात्र आपल्या हातात आहे.

घरात जे जे आहेत, सासूबाई, मिस्टर, बाकीची मुलं, कारखान्यावरून आलेलं कुणी, सगळ्यांचे घशाचे स्वॅब आणि अँटिबायोटिकचं वॉर्डातल्या डॉक्टरांना विचारा, त्यांनी काही सांगितलं नसेल तर तुम्हीच विचारा. सगळ्यांची लस बघून राहिलेला डोस द्यायचा. लस कशी काम करते माहितीये का, १९२३ च्या सुमारास रामों नावाच्या फ्रेंच माणसाने हेच विष फॉर्मालिन घालून निर्विष केलं, ते निर्विष केलेलं विष म्हणजे त्रिगुणी (डीपीटी) लशीतला पहिला भाग. म्हणजे लस जंतूला नाही, विषाला अडवते. लस घेतलेल्या माणसाच्या घशात जंतू बसू शकतो, पण हृदयापर्यंत विष पोचू देत नाही. म्हणून स्वॅब पण हवा आणि डोस पण हवा.

सरकारी वेळापत्रक असं आहे: दीड, अडीच आणि साडेतीन महिन्याला पेंटा (पाच आजारांची एकत्र लस, घटसर्पही त्यात), १६ ते २४ महिन्यांत त्रिगुणीचा पहिला बूस्टर, ५ ते ६ वर्षांत दुसरा, मग १० आणि १६ वर्षांना टीडी (धनुर्वात आणि घटसर्पाची लस). सगळं सरकारी केंद्रात फुकट. घरात ५-६ वर्षांचं कुणी असेल तर त्याचा बूस्टर याच आठवड्यात. आणि तुमच्या मुलालाही बरं झाल्यावर डोस लागणारच, कारण घटसर्प होऊन गेला म्हणजे शरीर शिकलं असं होत नाही, विष इतकं थोडं असतं की त्यावर शरीर नीट तयार होईलच याची खात्री नसते. डिस्चार्जच्या आधी विचारून घ्या, ७ वर्षांच्या पुढे त्रिगुणी नाही, टीडी देतात. मोठ्यांनाही लागतो, दर दहा वर्षांनी. पायात खिळा गेला की आपण टीटी घ्यायला जातो ना, तेव्हा टीटीच्या ऐवजी टीडी मागा, धनुर्वाताबरोबर घटसर्पही त्यातच येतो, सुई एकच.

लसीकरणाचं कार्ड हरवलं असेल तर काळजी करू नका, नवीन करून मिळतं, आणि यंदा कारखान्यावर जाताना ते बरोबर न्या. फोटो काढून मिस्टरांच्या मोबाईलमध्येही ठेवा.

आणि त्याला खेळायचंय म्हणालात. डॉक्टर ईसीजी बघून हो म्हणतील त्या दिवशी आधी कॉटवर बसवतील, मग कडेला पाय सोडून, मग हात धरून दारापर्यंत, प्रत्येक वेळी पल्स बघत. बॅट बहुतेक दोन-तीन महिन्यांनी. त्याला तारीख सांगू नका, मुलं तारीख धरून बसतात. आज रात्री तो झोपला की ठोके मोजा आणि कागदावर वेळेसकट लिहून ठेवा, सकाळी राउंडला तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या. पुढच्या आठवड्यात मला परत लिहा, मी वाट बघतेय.